ट्रेंच टाउनची राणी

पुरुष असाल तरी आजच्यापुरत्या रास्ताफारी पंथातल्या बाई व्हा. डोक्याला फडकं घट्ट गुंडाळा, एकही बट बाहेर दिसता कामा नये. जमैकातल्या किंग्स्टनचं ट्रेंच टाउन, 1966 चा एप्रिल. सकाळीच उकाडा असा की परकर पोटऱ्यांना चिकटतोय. अंगणाभोवती खोल्या, सगळ्यांत मिळून एक नळ, त्याखाली बादल्यांची रांग. कोळशाचा धूर थेट डोळ्यांत. इथे नवरा-बायकोचं भांडण दोघांत राहत नाही, नळावर पोचतंच.

तुम्ही नारळ खवताय. दूध पिळून पातेल्यात ओता. त्यात भोपळा, थाइमची काडी आणि कॅलालू, म्हणजे आपल्या माठाचीच बहीण. वर एक अख्खी स्कॉच बॉनेट मिरची. ती फुटू देऊ नका, नाहीतर जीभ दिवसभर जळेल. मीठ? चिमूटभरही नाही. पहिला घास आळणी लागतो, पण तिसऱ्याला खोबऱ्याचा गोडवा उतरायला लागतो.

जटाधारी नवरा तुम्हाला ‘क्वीन’ म्हणतो, तेही भर बाजारात. लाज वाटते, आणि बरंही वाटतं. पण संध्याकाळी पुरुष गोल करून बसतात. नारळाच्या करवंटीची चिलीम फिरते, बायबलची पानं उलटतात, आपण कोण, कुठले, कुणाचे यावर तासन्‌तास खल चालतो. तुम्ही बाजूला, पोर मांडीवर. ऐकायची मोकळीक, बोलायची क्वचितच. शिवाय काही घरांत महिन्याचे ‘ते’ दिवस आले की राणीसाहेबांना चुलीजवळ बंदी. बाहेर बसणं म्हणजे काय, ते शिकायला मराठी माणसाला जमैका गाठायला नको. दर महिन्याला रजेवर जाणाऱ्या या राणीपदाची मला गंमत वाटते, आणि रागही येतो.

पण आज 21 तारीख. इथिओपियाचा सम्राट हाइले सेलासी येतोय, तुमच्या नवऱ्याचा साक्षात देव. चला पॅलिसाडोज विमानतळावर. पावसानं भिजलेल्या जटांचा वास, गांजाचा धूर, ढोल छातीत घुमतायत, पायावर कुणाचातरी पाय. विमान दिसतं, पाऊस थांबतो आणि हजारो माणसं अडथळे मोडून थेट धावपट्टीवर! सम्राट बराच वेळ विमानातच. शेवटी मॉर्टिमर प्लॅनो नावाचा रास्ताफारी वडीलधारा शिडी चढतो, गर्दीला शांत करतो, मग कुठे वाट होते.

शहरात रस्त्याकडेला एक नवी नवरी उभी आहे, रीटा मार्ली. लग्न फेब्रुवारीतलं, नवरा बॉब कामासाठी अमेरिकेत, डेलावेअरला. गाडीतून हात हलवणाऱ्या सम्राटाच्या तळव्यावर तिला येशूसारखी खिळ्याची खूण दिसते. ती ते नवऱ्याला पत्रानं कळवते. तिला कुणी गोलात बसवून हे शिकवलेलं नाही, जे पाहिलं ते तिचं तिनं पाहिलंय.

रात्री अंगणात तुमचा नवरा रंगात येतो. म्हणे, सम्राट डोंगराएवढा!

“छे,” तुम्ही म्हणता, “उंचीनं माझ्याएवढाच. मी तुमच्यापेक्षा जवळ होते.”

सगळ्या माना तुमच्याकडे वळतात. पोर नवऱ्याच्या मांडीवर ठेवा आणि बसा गोलात. अजून पुष्कळ सांगायचंय तुम्हाला.