रिलेची वंशावळ

नागपूरच्या सेंट्रल ॲव्हेन्यूवर डिसेंबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या मेट्रोमार्गाने पूर्वेकडे निघाले की अग्रसेन चौकानंतर चितार ओळी आणि टेलिफोन एक्स्चेंज ही दोन स्थानके लागोपाठ येतात, आणि गांधीबागेच्या कापडबाजारातून, इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून ज्याचा नित्य वावर आहे त्याला या दोन नावांत नगराच्या कारागिरीचे दोन कालखंड शेजारी शेजारी उभे असलेले दिसतात. चितार ओळीने चिताऱ्यांचे आणि मूर्तिकारांचे नाव आजवर सांभाळले आहे. धंद्यावरून ओळीला नाव पडावे ही या जुन्या नगराची वहिवाटच होती. टेलिफोन एक्स्चेंज हे नाव त्या मानाने अर्वाचीन. परंतु ज्या लहानशा यंत्रावयवाची हकीकत मला येथे सांगावयाची आहे, त्याचे आजोळ तारायंत्र आणि टेलिफोन यांच्याच घरी आहे. तो अवयव म्हणजे रिले, आणि आज ज्या कामासाठी जंगलवाटांवरचे हौशी मोटारचालक त्याची मागणी करतात ते काम म्हणजे जीपच्या डिफरन्शियलला वेळप्रसंगी कुलूप घालणे.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, यास्तव दोन्ही चाकांना आपापल्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची योजना, म्हणजेच डिफरन्शियल, ओनेसिफोर पेक्यर या फ्रेंच घड्याळजीने १८२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या नावे नोंदवली. या योजनेचा गुण तोच तिचा दोष आहे. ती दोन्ही चाकांना बळ समसमान वाटते. म्हणून एक चाक चिखलात निसटून फुकट फिरू लागले, की त्याला लागते तेवढेच क्षुल्लक बळ दुसऱ्या, घट्ट जमिनीवरील चाकाच्या वाट्याला येते, आणि इंजिन कितीही गर्जले तरी गाडी जागची हलत नाही. विदर्भाची काळी कपाशीची जमीन ज्याने श्रावणात पाहिली आहे, उमरेडकडच्या अथवा पेंचच्या वाटेवर नाल्याच्या उताराला गाडी तिरपी होऊन एक चाक अधांतरी राहिलेले ज्याने अनुभवले आहे, त्याला याहून अधिक स्पष्टीकरण नको. अशा प्रसंगी दोन्ही अर्धे एक्सल एकमेकांशी जखडून टाकणे हाच उपाय, आणि त्या जखडण्याला लॉक म्हणतात. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत हे लॉक चालक हाताच्या दांडीने लावतो. अन्य काही योजनांत हवेच्या दाबाने, तर काहींत विद्युच्चुंबकाने अथवा छोट्या मोटारीने ते लागते, आणि या शेवटच्या दोन प्रकारांत सहसा रिलेवाचून चालत नाही.

रिलेचे तत्त्व राज्यकारभारातील आहे, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक उक्ती ठरू नये. दिवाणाची चार ओळींची चिठ्ठी जामदारखान्यात पोहोचते आणि तिच्या बळावर खजिन्याची थैली सुटते. चिठ्ठीत द्रव्य नसते, तिच्यात केवळ हुकूम असतो. रिलेतही एक क्षीण प्रवाह तारेच्या वेटोळ्यातून जातो, वेटोळे चुंबक बनते, चुंबक लोखंडाची पट्टी ओढतो, आणि त्या पट्टीच्या टोकाशी असलेला संपर्क जुळून दुसऱ्या, स्वतंत्र मार्गाने मोठा प्रवाह वाहू लागतो. अमेरिकेतील जोसेफ हेन्री याने १८३५ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली, आणि दूरवरून थकून आलेल्या तारेच्या संदेशाला नवा दम देण्यासाठी तिचा उपयोग झाला. ज्या डलहौसीच्या अमलात १८५४ साली भोसल्यांचे नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याच्याच अमलात ओशॉनेसी या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे पसरले; पुढे स्वयंचलित टेलिफोन केंद्रांत अशा चुंबकांची हजारोंनी टकटक सुरू झाली.

परंतु मोटारीच्या मिस्त्रीची आणि रिलेची पहिली गाठ टेलिफोनच्या केंद्रात पडली नाही. ती जीपच्या बॉनेटखाली पडली. दुसऱ्या महायुद्धातील जीप युद्ध संपल्यावर मुलकी उपयोगात आली, आणि मुंबईत माझगावला १९४९ साली महिंद्रांनी विलीज जीपची जोडणी आरंभली. त्या गाड्यांत आजचा अल्टरनेटर नव्हता. डायनॅमो होता, आणि डायनॅमो व बॅटरी यांच्यामध्ये पहारेकऱ्यासारखा बसलेला कटआउट होता. इंजिन वेगात असता डायनॅमोचा दाब बॅटरीहून चढला की कटआउटचा संपर्क मिटे आणि बॅटरी भरू लागे. इंजिन मंदावले की तो संपर्क उघडे, नाहीतर बॅटरीचे सारे संचित उलट डायनॅमोतून वाहून गेले असते. हा कटआउट म्हणजे वेटोळे, पट्टी आणि संपर्क यांचाच संसार, अर्थात रिलेच. त्याचे झाकण उघडून काजळलेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करणे, स्प्रिंगचा ताण केसभर कमी-अधिक करणे, आणि कानाने ‘टक्’ ऐकून डोळ्याने ॲमीटरचा काटा पाहणे, ही त्या काळच्या मोटार-इलेक्ट्रिशियनची मुळाक्षरे होती. त्या मिस्त्रीला डिफरन्शियलच्या विजेच्या लॉकची वार्ताही नव्हती. पण लॉकचा रिले दुरुस्त करण्यासाठी जी विद्या लागते ती त्याच्या हाती तेव्हाच होती, आणि या धंद्याच्या इतिहासातील हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. अल्टरनेटर आले, त्यांच्या पोटात सिलिकॉनचे डायोड आले, आणि कटआउट कालबाह्य झाला. त्याच्याबरोबर उघडून पाहण्याची सवयही ओसरली. आजचा रिले बंद डबीत येतो, आणि बिघडला असे वाटताच बदलला जातो.

त्या डबीच्या बुडाशी ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. ते जर्मन प्रमाणपद्धतीतून आलेले असून जगभर रूढ आहेत. ३० वर बॅटरीचा थेट करंट, तोही बॅटरीजवळच फ्यूज घालून आणलेला. ८७ वरून लॉककडे जाणारी जाड वायर. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. डॅशबोर्डवरील बटणातून केवळ वेटोळ्याचा प्रवाह जातो, जो साधारण एक-दोन दशांश अँपिअरहून अधिक नसतो, म्हणून बटण जळत नाही. वेटोळ्याच्या मार्गात पुष्कळदा लो-रेंजचा, म्हणजे संथ गतीच्या गिअरचा, स्विचही ओवलेला असतो, हेतू हा की भरधाव गाडीत कोणी चुकून लॉक लावू नये.

आता बिघाडाकडे वळू. येथे घाई करणारा नेहमी फसतो. बटण दाबले आणि लॉक लागल्याची खूण देणारा दिवा लागला नाही, म्हणजे लॉक मोडले, असा निष्कर्ष काढणे म्हणजे जबानी घेण्याआधीच निकाल देणे होय. कारण लॉकचे दात समोरासमोर येण्यासाठी चाके किंचित फिरावी लागतात, आणि तेवढ्या विलंबाला बिघाड म्हणता येत नाही. प्रथम रिलेवर बोट ठेवून ‘टक्’ जाणवते का ते पाहावे. जाणवली, तर हुकूम पोहोचला आहे, खजिना उघडला नाही: ३०, ८७ आणि तेथून पुढची वायर तपासावी. जाणवली नाही, तर हुकूमच वाटेत अडला आहे: बटण, लो-रेंजचा स्विच, आणि वेटोळ्याचा अर्थ, म्हणजे प्रवाहाची परतीची वायर. मीटर १२ व्होल्ट दाखवतो म्हणून वायर निर्दोष मानू नये. मीटर नाममात्र प्रवाह ओढतो, आणि आतून हिरवी पडून एका-दोन तंतूंवर तगलेली वायरही त्याच्यापुढे पूर्ण दाब दाखवते, पण लॉकचा भार पडताच तो दाब कोसळतो. जुने मिस्त्री मीटरऐवजी हेडलाइटचा बल्ब दोन वायरींना जोडून फिरवीत, याचे मर्म हेच: बल्ब भार घेतो, म्हणून खोटे बोलत नाही.

आणि सर्वांत दुर्लक्षित राहतो तो परतीचा मार्ग, म्हणजे अर्थ. एक्सल सांगाड्याला स्प्रिंगांनी आणि रबरी बुशांनी टांगलेला असतो, त्यावर गंज, चिखल आणि रंगाचे थर चढलेले असतात. त्याच्या भरवशावर लॉकचा प्रवाह परत येईल असे मानणे चुकीचे आहे. लॉकची अर्थ वायर स्वतंत्र असावी, ती घासून स्वच्छ केलेल्या धातूवर बोल्टने आवळावी, आणि एक्सल वरखाली होताना ती ताणली जाणार नाही एवढी ढील तिला द्यावी. वेटोळे बंद होताना उलट दाबाचा झटका उठतो, त्यासाठी काही रिलेंत आतच डायोड असतो. अशा रिलेत ८५ आणि ८६ ची अदलाबदल केली तर डायोड थेट बॅटरीशी भिडतो आणि फ्यूज उडतो. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे चांगले रिले नाहक बदनाम झाले आहेत.

मिस्त्रींच्या हातची कटआउटची विद्या कागदावर फारशी उतरली नाही. ती ज्या हातांत होती त्या हातांबरोबर बव्हंशी गेली. लॉकच्या वायरिंगचे तसे होऊ नये. म्हणून माझी वाचकांना एवढीच विनंती आहे, की आपल्या जीपला लॉक बसवून घेताना मिस्त्रीकडून त्या वायरिंगचा नकाशा कागदावर काढून घ्यावा, प्रत्येक वायरीचा रंग, फ्यूजचा आकडा आणि अर्थ कोठे आवळला ती जागा त्यावर लिहून घ्यावी, खाली तारीख घालावी, आणि तो कागद गाडीच्या दस्तऐवजांबरोबर त्याच पाकिटात ठेवावा.