कोळशामागून गोंडवन

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या खात्याचा जन्म कोळशाच्या निकडीतून झाला. गंगेवर आगबोटी धावू लागल्या होत्या, रेल्वेचे बेत शिजत होते आणि इंग्लंडहून जहाजाने आणलेला कोळसा महाग पडे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४६ मध्ये डेव्हिड विल्यम्स यांना दामोदरच्या खोऱ्यात कोळशाचे थर तपासायला धाडले. १८४८ मध्ये रानातल्या तापाने ते दगावले. मार्च १८५१ मध्ये डब्लिनचे प्राध्यापक टॉमस ओल्डहॅम कलकत्त्यात दाखल झाले; खात्याचा आरंभ तेव्हापासून धरतात.

कंपनीला हवा होता कोळसा. ओल्डहॅम यांचे म्हणणे असे, की आधी साऱ्या देशाचा कातळ नकाशावर उतरवावा, कोळशाचा ठाव मग आपोआप लागेल. त्यामुळे हिवाळाभर तंबूत राहून पाहणी आणि पावसाळ्यात कलकत्त्याला बसून नकाशे, असा शिरस्ता पडला.

या चिकाटीचे सर्वांत नवलाचे फळ १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरला हाती आले. कोळशाच्या थरांखाली बारीक गाळात रुतलेले मोठमोठे धोंडे खात्यातल्या ब्लॅनफर्ड बंधूंना दिसले. एवढे धोंडे वाहून आणणारे पाणी तो गाळ मागे ठेवणार नाही. मग हे काम बर्फाचेच, असा त्यांचा तर्क. उष्ण हिंदुस्थानात बर्फ, हे अनेकांना पटेना. पुढे चंद्रपूरजवळच्या इरई गावी धोंड्यांच्या थराखालचा चुनखडक घासून ओरखडलेला सापडला आणि शंकेला फारशी जागा उरली नाही. या थरमालेला खात्यातल्याच मेडलिकट यांनी गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवन’ हे नाव सुचवले. १८८५ मध्ये भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी तेच नाव दक्षिणेकडच्या लुप्त महाखंडाला दिले.

खात्यात भारतीयांचा शिरकाव उशिरा झाला. राम सिंग १८७३ मध्ये उमेदवार म्हणून आले, तर प्रमथनाथ बोस १८८० मध्ये अधिकारी झाले. १९०३ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ हॉलंड यांना संचालक केले, तेव्हा बोस नोकरी सोडून मयूरभंज संस्थानात गेले. गोरुमहिसानीचे लोहखनिज त्यांना तिथेच सापडले, आणि फेब्रुवारी १९०४ मध्ये त्यांनी जमशेटजी टाटांना पत्राने ते कळवले. जमशेदपूरचा पोलाद कारखाना याच खनिजाच्या आधाराने उभा राहिला; डावलणाऱ्यांना हे खचितच अभिप्रेत नसावे. संचालकपदी पहिले भारतीय, एम. एस. कृष्णन, आले ते १९५१ मध्ये. तेव्हा खात्याला १०० वर्षे झाली होती.