कंबरदुखी, पाणी आणि आजी : थोडा इतिहास

"डॉक्टर, या वयात मी तलावात उतरू? लोक काय म्हणतील?" बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्यात उभं आयुष्य काढलेल्या आजींना पाण्यातले व्यायाम सुचवले की हा प्रश्न ठरलेला!

खरं तर त्यांच्या कमरेचं आणि पाण्याचं नातं पिढ्यान् पिढ्यांचं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी बंदिस्त नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आलं. हौदापासून घरापर्यंत मात्र ते बहुतेक बायकांच्या कमरेवरूनच यायचं.

पाण्याने उपचार करणंही आपल्याला नवं नाही. चरकसंहितेत स्वेदनाच्या तेरा प्रकारांत 'अवगाह' आहे, म्हणजे कोमट काढ्याने भरलेल्या टबात बसणं. वज्रेश्वरीच्या कुंडांवर सांधे धरलेली मंडळी आजही जातात. गांधीजींचा लुई कूने या जर्मन उपचारकाच्या कटिस्नानावर भारी विश्वास. पुण्यात ते डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात राहत, आणि १९४६ साली त्यांच्याच प्रेरणेने उरुळीकांचनचा आश्रम उभा राहिला.

पण या सगळ्यात रुग्ण पाण्यात नुसता बसायचा. हालचालीचा विचार पुढे आला तो पोलिओमुळे. १९२१ मध्ये पाय लुळे पडलेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९२४ साली जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट पाण्यात उतरले आणि जमिनीवर न हलणारे पाय तिथे थोडे हलवू शकले. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये डॉ. चार्ल्स लोमन यांनी रुग्णालयातल्या कमळांच्या तळ्याचे उपचारासाठी हौद करून घेतले. कंबरदुखीच्या रुग्णांना याचा फायदा पुढे मिळाला.

कारण साधं आहे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं साधारण निम्मंच वजन येतं. छातीइतक्या पाण्यात जेमतेम एक तृतीयांश. मणक्यांवरचा भार उतरतो, ३३-३४ अंशांच्या कोमट पाण्यात आखडलेले स्नायू सैल होतात आणि पडण्याची भीती कमी होते. पोहता यायची गरज नाही! कठडा धरून पुढे, मागे, आडवं चालायचं, गुडघे उचलायचे. दुखणं कमी होतं, वावर सुधारतो. हाडं बळकट व्हायला मात्र जमिनीवरचं चालणं हवंच, ते पाणी देत नाही.

ताप, उघडी जखम, अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा वाढत असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर तलाव नको, तातडीने तपासणी हवी.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. माझ्या अनुभवात आजींना अडवते ती कंबर नव्हे, पोशाखाचा संकोच. साडी नेसून मात्र उतरू नका, ती पायांत गुंडाळते. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख मिळतो. बायकांची वेगळी बॅच आहे का, पायऱ्यांना कठडा आहे का, हे आधी विचारून घ्या, आणि पहिल्या दिवशी सुनेला किंवा मैत्रिणीला सोबत न्या.