माजी सैनिकांचा उपचार आणि विमा कंपन्यांचे देयक

अमेरिकेत माजी सैनिकांच्या वैद्यकीय सेवेची जबाबदारी केंद्र सरकारच्या ‘डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स’ या खात्याकडे आहे. खात्याची स्वतःची रुग्णालये देशभर पसरलेली आहेत. मात्र तेथील प्रत्येक उपचाराचा खर्च सरकारच सोसते, असे नाही. रुग्णाचा खासगी आरोग्यविमा असल्यास काही उपचारांचे देयक विमा कंपनीकडे पाठविले जाते.

यात निर्णायक ठरते ते आजाराचे कारण. युद्धातील जखम किंवा लष्करी सेवेमुळे जडलेला विकार ‘सेवाजन्य’ मानला जातो. त्याचा भार सरकारच उचलते. सेवेशी संबंध नसलेल्या आजारांच्या उपचाराचा खर्च विमा कंपन्यांकडून वसूल करण्याचा अधिकार खात्याला १९८६ च्या कायद्याने मिळाला. वसूल झालेली रक्कम आरंभी सरकारी तिजोरीत जमा होत असे. १९९७ च्या कायद्याने ती खात्यालाच वैद्यकीय सेवेसाठी वापरता येऊ लागली. ज्येष्ठांसाठीच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी योजनेकडून मात्र अशी वसुली करता येत नाही.

रुग्णाच्या हिताची काळजीही या व्यवस्थेत घेतलेली आहे. खासगी विमा असला किंवा नसला, तरी खात्याकडून उपचार मिळण्याच्या पात्रतेत फरक पडत नाही. विमा कंपनीने देयकातील काही रक्कम नाकारली, तर ती सैनिकाकडून मागितली जात नाही.

सेवाजन्य उपचारांचा खर्चही विमा कंपन्यांवर टाकण्याचा विचार ओबामा प्रशासनाने २००९ च्या मार्चमध्ये पुढे आणला. त्यातून सुमारे ५४ कोटी डॉलर मिळतील, असा अंदाज होता. ‘अमेरिकन लीजन’सह माजी सैनिकांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. देशाने ज्यांना रणांगणावर धाडले, त्यांच्या जखमांची जबाबदारी देशाचीच, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. शिवाय अशा उपचारांत विम्याची मर्यादा संपली, तर कुटुंबीयांनी काय करायचे? विम्याचे हप्ते वाढण्याच्या भीतीने मालक जखमी सैनिकांना नोकरी नाकारतील, ही धास्तीही होती. अखेर १८ मार्च २००९ रोजी प्रस्ताव सोडून देण्यात आला.

सेवाजन्य आणि इतर आजारांतील ती सीमारेषा त्यामुळे कायम राहिली. एखाद्या विकाराची नोंद रेषेच्या कोणत्या बाजूला होते, यावरच देयक कोणाच्या नावे निघणार, हे आजही ठरते.