तार आणि बिनतार : घरगुती संगणक-जाळ्यांच्या जडणघडणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणक-जाळ्यांच्या इतिहासात तारेचे युग संपले व बिनतारी युग सुरू झाले, अशी मांडणी वारंवार केली जाते. घरगुती जाळ्यांचा विकास तपासला असता ही मांडणी टिकत नाही. ही दोन्ही माध्यमे परस्परांच्या आधाराने वाढली, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

समान उगम :
१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' हे रेडिओ-जाळे कार्यान्वित केले. एकच लहर अनेकांनी वापरावी आणि संदेशांची टक्कर झाल्यास काही वेळाने ते पुन्हा पाठवावेत, हे त्याचे तत्त्व होते. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी हे तत्त्व सुधारून तारेवर आणले आणि 'इथरनेट'चा पाया घातला. तारेच्या जाळ्याचे मूळ असे बिनतारी प्रयोगात आहे.

भेद आणि दुवा :
१९९७ मध्ये ८०२.११ हे बिनतारी मानक प्रसिद्ध झाले. त्याचा वेग सेकंदाला १ ते २ मेगाबिट होता. १९९९ च्या ८०२.११बी मानकाने तो ११ मेगाबिटपर्यंत नेला. रेडिओ-यंत्राला स्वतः प्रक्षेपण करीत असताना इतरांचे क्षीण संकेत ऐकू येत नाहीत. त्यामुळे टक्कर ओळखण्याऐवजी ती टाळणे व प्रत्येक संदेशाची पोच घेणे ही पद्धत स्वीकारावी लागली. मात्र इथरनेटचा ४८ बिटांचा पत्ता या मानकाने कायम ठेवला. परिणामी घरातील 'ॲक्सेस पॉइंट' हा दोन्ही माध्यमांमधील सेतू ठरला. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना २००५ मध्ये परवान्यातून सूट मिळाली आणि हा सेतू येथील घरांसाठीही खुला झाला.

एकीकरणाची समस्या :
दोन उपकरणे तार व बिनतार अशा दोन्ही मार्गांनी सेतूंद्वारे जोडल्यास संदेश चक्राकार फिरत राहण्याचा धोका असतो. यावरील उपाय घरगुती जाळ्यांपूर्वीच सिद्ध होता. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेली 'स्पॅनिंग ट्री' रीत जादा दुवा बंद ठेवते; वापरातील दुवा तुटल्यासच तो खुला होतो. यात सुरक्षितता लाभली, परंतु उपलब्ध मार्ग निष्क्रिय राहिला. २०१३ च्या आयट्रिपलई १९०५.१ मानकाने इथरनेट, वाय-फाय, वीजवाहिनी व कोॲक्सिअल केबल यांवर एक समान स्तर कल्पिला. यामुळे परिस्थितीनुसार योग्य दुवा निवडणे शक्य झाले.

निष्कर्ष :
या इतिहासात एका माध्यमाने दुसऱ्याला हद्दपार केलेले दिसत नाही. तारेची जागा तारेने व लहरीची जागा लहरीने राखली. त्यांना जोडले ते समान पत्त्याच्या संकेताने. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ नव्याने जुन्याला मागे टाकण्याची मालिका म्हणून शिकविल्यास हा संकेत नजरेआड होतो. साधने बदलली तरी जाळे अखंड राहते, त्यामागे अशा सामायिक मानकांचे कार्य असते.