डॉक्टरांवर नजर कोणाची? इंग्लंडमधील दवाखाना-तपासणीचा इतिहास

१/१२
आपला डॉक्टर चांगला आहे, हे रुग्णाने ओळखायचे कशावरून? हातगुणावरून, गोड बोलण्यावरून, की भिंतीवर टांगलेल्या पदवीवरून? या प्रश्नाचे उत्तर शोधायला इंग्लंडला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला आणि त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली. दवाखान्यांच्या तपासणीचा हा इतिहास. #थ्रेड

२/१२
५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि उपचार मोफत झाले. फॅमिली डॉक्टर मात्र सरकारी नोकर बनले नाहीत. दवाखाना त्यांचा स्वतःचा राहिला. सरकार त्यांना यादीतील दरडोई रुग्णामागे ठरावीक रक्कम देऊ लागले. त्या पैशात उपचार कसे होतात, हे नियमितपणे पाहणारे कोणी नव्हते.

३/१२
ते पाहिले एका परदेशी माणसाने. जोसेफ कॉलिंग्ज हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर. त्यांनी इंग्लंडमधील ५५ दवाखान्यांना भेटी दिल्या आणि डॉक्टरांचे काम प्रत्यक्ष पाहिले. त्यांचा अहवाल मार्च १९५० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि खळबळ उडाली.

४/१२
औद्योगिक वस्त्यांतील चित्र सर्वांत भीषण होते. कोंदट प्रतीक्षागृहे, अपुरी साधने, त्रोटक नोंदी आणि रुग्णांची एवढी गर्दी, की नीट तपासायला डॉक्टरला उसंतच नाही. अशा ठिकाणचे काही दवाखाने लोकांच्या जिवाला धोका ठरू शकतात, इतका कठोर निष्कर्ष कॉलिंग्ज यांनी काढला.

५/१२
दोष केवळ व्यक्तींचा नव्हता. दरडोई रक्कम सर्वांना सारखीच. नवे टेबल घेतले, परिचारिका नेमली, जागा वाढवली, तर तो खर्च डॉक्टरच्याच खिशातून जाई. म्हणजे जो दवाखाना सुधारेल, तो स्वतःचेच उत्पन्न घटवेल! निकृष्ट कामाला शिक्षा नाही आणि उत्तम कामाला मोबदला नाही, असा तो व्यवहार होता.

६/१२
टीका अनेक डॉक्टरांना झोंबली. पण तिचे फळही मिळाले. १९५२ मध्ये सामान्य वैद्यकांचे स्वतंत्र कॉलेज स्थापन झाले. १९६६ पासून नव्या करारानुसार दवाखान्याचे भाडे आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा सरकार देऊ लागले. जागा सुधारल्या, परिचारिका आल्या. दवाखाना आता नीटनेटका दिसू लागला.

७/१२
पण नीटनेटका दवाखाना म्हणजे सुरक्षित दवाखाना नव्हे. हे सिद्ध झाले मँचेस्टरजवळच्या हाइड या गावात. तेथील हॅरोल्ड शिपमन हा डॉक्टर रुग्णांचा अतिशय लाडका. वृद्धांच्या घरी आवर्जून जाणारा, जुन्या वळणाचा फॅमिली डॉक्टर अशी त्याची ख्याती होती. त्याच भेटींत तो डायमॉर्फिनच्या इंजेक्शनने रुग्णांचे जीव घेत होता.

८/१२
इशारे मिळाले नव्हते असे नाही. स्वतःच्या व्यसनासाठी पेथिडीन मिळवल्याबद्दल १९७६ मध्ये न्यायालयाने त्याला दंड केला होता; तरी त्याचा वैद्यकीय परवाना कायम राहिला. १९९८ च्या मार्चमध्ये शेजारच्या दवाखान्यातील एका डॉक्टरबाईंनी शिपमनच्या रुग्णांचे मृत्यू फार होत असल्याचे कॉरोनरला कळवले. पोलिसांची चौकशी वरवरची ठरली. ती थांबल्यावर आणखी तीन स्त्रियांचा बळी गेला.

९/१२
अखेर तो पकडला गेला तो एका बनावट मृत्युपत्रामुळे. जानेवारी २००० मध्ये १५ खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये बळींची संख्या २१५ असल्याचा निष्कर्ष दिला. त्या डॉक्टरबाईंना संशय आला होता तो आकड्यांवरून, कारण दहनाच्या कागदांवर दुसऱ्या डॉक्टरची सही लागे आणि ते कागद त्यांच्या दवाखान्यात येत. असे आकडे नियमित तपासण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती.

१०/१२
या चौकशीनंतर घातक औषधांच्या हिशेबाचे नियम कडक झाले. २०१२ च्या अखेरीस डॉक्टरांच्या पात्रतेची ठरावीक काळाने फेरपडताळणी सुरू झाली. एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमधील दवाखान्यांना ‘केअर क्वालिटी कमिशन’कडे नोंदणी सक्तीची झाली. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आस्थेची आहे का, गरजेला धावून येते का आणि कारभार नीट चालतो का, हे पाच प्रश्न तपासनीस विचारतात. उत्कृष्ट, चांगला, सुधारणा आवश्यक किंवा अपुरा, असा शेरा जाहीर होतो.

११/१२
तपासणीत पाहतात त्या गोष्टी साध्या असतात. लसींचा फ्रिज २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहतो का? तातडीच्या औषधांची मुदत संपली आहे का? तपासणीचे अहवाल कोणी वाचले आणि पुढे काय केले? चूक घडल्यास ती नोंदवून तिच्यातून धडा घेतला जातो का? माणसाच्या सौजन्यावर विसंबायचे नाही. त्याच्या कामाचा माग राहिला पाहिजे, हे त्यामागचे सूत्र.

१२/१२
तरीही पहारेकऱ्यावरही पहारा लागतोच. २०२४ च्या एका सरकारनियुक्त आढाव्यात दिसले, की कमिशनच्या तपासण्या कोविडपूर्व काळाच्या निम्म्याहूनही कमी झाल्या होत्या. त्याच वर्षी ९ सप्टेंबरपासून इंग्लंड व वेल्समध्ये कॉरोनरकडे न जाणाऱ्या प्रत्येक मृत्यूचे कारण स्वतंत्र डॉक्टरने पडताळणे बंधनकारक झाले. मृत्यूच्या नोंदीची व्यवस्था बदलण्याची शिफारस स्मिथ यांनी २००३ मध्येच केली होती. हाइडच्या त्या डॉक्टरबाईंनी स्वतःहून केलेले काम कायद्याने कोणाचे तरी कर्तव्य व्हायला २६ वर्षे लागली.