भिंतीतलं विसण

आई पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली त्याच्या चौथ्या दिवशी बाथरूममधून तिची किंकाळी ऐकू आली. ती शॉवरखाली होती आणि खालच्या मजल्यावर मी नुकताच फ्लश केला होता. थंड पाण्याचा दाब पडला आणि नुसतं कढत पाणी तिच्या खांद्यावर. खांदा लाल झाला, थोडक्यात निभावलं. पण "अरे, तुमच्याकडे विसण घालतात कुठे?" हा तिचा प्रश्न डोक्यात बसला.

बंबातलं पाणी बादलीत, मग विसण, मग बोट बुडवून अंदाज आणि मग पहिला तांब्या. टेस्टिंग आधी, अंगावर नंतर. शॉवरमध्ये सगळं टेस्टिंग थेट प्रॉडक्शनवर :-)

तर मंडळी, हाच चटका १९३७ साली सिएटलच्या अल मोएन नावाच्या कॉलेजातल्या पोराला बसला होता. दोन चाव्यांचा नळ, हात धुताना भाजलं. एकाच दांडीने गरम-थंड मिसळणारा नळ करायचं त्याने मनावर घेतलं. मध्ये महायुद्ध आलं. शेवटी १९४७ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे पहिले नळ विकले गेले.

नळ भिंतीत लपवायची कल्पना मात्र डेन्मार्ककडे नेते. आर्किटेक्ट आर्ने याकोबसेनने १९६१ मध्ये डॅनिश नॅशनल बँकेच्या इमारतीची स्पर्धा जिंकली. वर्नर ओव्हरगार्ड या कारखानदाराने त्याला सुचवलं की यंत्र सगळं भिंतीत, बाहेर फक्त दांडी आणि तोटी. त्यातून १९६८ साली 'व्होला' आला. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस बाहेर, इम्प्लिमेंटेशन आत. दिसायला देखणंच. पण बग आला की भिंत फोडा!

आमची भिंत मात्र पोकळ. याचं मूळ १८३० च्या दशकातल्या शिकागोत. जाडजूड वासे आणि सुतारी सांध्यांऐवजी गिरणीत कापलेल्या बारीक लाकडी पट्ट्या उभ्या करायच्या आणि कारखान्यातल्या स्वस्त खिळ्यांनी ठोकायच्या. आज या पट्ट्या साधारण १६ इंचांवर असतात. नाव 'टू बाय फोर', खरं माप दीड बाय साडेतीन इंच. (हा हिशेब मला अजून पटलेला नाही.) म्हणजे व्हॉल्व्हला जागा जेमतेम साडेतीन इंच खोल.

दोन वीकेंड लावून मी जुनी टाइल फोडली आणि प्रेशर-बॅलन्स व्हॉल्व्ह बसवला. त्याच्या आत एक सरकता तुकडा असतो. थंडचा दाब पडला की तो गरमची वाटही तेवढीच आवळतो. धार बारीक होते, चटका बसत नाही. दोन पट्ट्यांमध्ये आडवा ठोकळा ठोकून त्यावर व्हॉल्व्ह स्क्रूने पक्का केला. तांब्याचे पाइप डाखताना आतलं कार्ट्रिज आधी काढून ठेवावं लागतं, नाहीतर रबर वितळतं. मी काढलं होतं. (दुसऱ्या वेळी.)

खरी मेख खोलीची. व्हॉल्व्हवरच्या प्लास्टिकच्या झाकणावर दोन खुणा असतात, टाइलचा पृष्ठभाग त्यांच्यामध्ये यायला हवा. म्हणजे सिमेंट बोर्ड, चिकटवायचा मसाला, टाइल, सगळं आधीच मोजायचं. पुण्यात भावाच्या फ्लॅटमध्ये प्लंबरने विटांच्या भिंतीत डायव्हर्टर इतका आत गाडला की दांडी बसेचना. तिथे परत छिन्नी-हातोडा. पोकळ भिंतीत निदान मागून शिरता येतं. मी पाठच्या कपाटात स्क्रू काढून उघडता येईल अशी फळी ठेवलीय. याकोबसेनला आवडली नसती, असो.

दांडीला अडसरही लावला, ४९ अंशांपुढे जाणार नाही असा. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकतं, आणि म्हातारी कातडी त्याहून नाजूक.

मग आईला शॉवरखाली हात धरायला सांगितला आणि खाली जाऊन तीनदा फ्लश केला.

"काही झालं का?"

"धार बारीक झाली रे," ती वरून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर शॉवरखाली बादली ठेवलेली, आणि त्यात आईचं बोट.